डेडलाइनच्या अकरा आठवडे आधी

बाळ झालं, पण घरी आलं नाही. एनआयसीयूच्या काचेपलीकडे आणि अलीकडे काढलेल्या ५२ दिवसांबद्दल...

फ्रीलान्सरच्या आयुष्यात डेडलाइन हा एकमेव देव. संपादकांनी शुक्रवार सांगितला की आमचा शुक्रवार म्हणजे शुक्रवारी रात्रीचे पावणेबारा! माझ्या लेकीने मात्र आईचा हा गुण अजिबात उचलला नाही. तिला दिलेली तारीख होती १२ डिसेंबर. बाईसाहेब सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यातच हजर झाल्या. वजन ९८० ग्रॅम. दुधाची एक लिटरची पिशवी हातात धरून बघा, त्याहूनही थोडं कमी.

झालं असं, की गुरुवारी नेहमीच्या चेकअपला गेले. सिस्टरने बीपी घेतलं, पट्टा सोडला, पुन्हा बांधला, पुन्हा घेतलं आणि काहीच न बोलता डॉक्टर मॅडमना बोलवायला गेली. १७०/११०. लघवीत प्रोटीन. मॅडम म्हणाल्या, 'आता घरी जायचं नाही.' रविवारी माझं डोहाळजेवण होतं. हॉल बुक झालेला, फुलांच्या दागिन्यांची ऑर्डर गेलेली. मी त्यांना रविवारपर्यंत सुट्टी मिळेल का, असं खरंच विचारलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

प्रीएक्लॅम्प्सिया हा शब्द मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट ऐकला. वार नीट रुजत नाही, आईचं बीपी चढत जातं, आणि यावरचा शेवटचा इलाज एकच, बाळंतपण. बाळ तयार असो वा नसो. मला झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम सुरू झालं आणि बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून स्टिरॉइडची इंजेक्शनं. ही इंजेक्शनं आईला द्यायची युक्ती न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाउई या दोन डॉक्टरांनी १९७२ मध्ये जगापुढे मांडली. तेव्हा मला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. माझ्या डोक्यात एवढंच होतं, की शनिवारपर्यंत थांब गं बाई, डोस पूर्ण होऊ दे.

ती थांबली. शनिवारी संध्याकाळी सिझेरियन झालं. पडद्याच्या पलीकडून एक बारीक आवाज आला, दाराची बिजागरी करकरते तसा. मग पावलांची धावपळ, आणि मग तोही आवाज नाही. लेकीचा चेहरा मी तीस तासांनी पाहिला. त्याआधी पाहिला तो नवऱ्याच्या मोबाइलवर, तोही अर्धा. उरलेल्या अर्ध्यावर टोपी आणि नळ्या होत्या.

अभिनंदन, रिकॉल!

नवऱ्याने शनिवारी रात्रीच टीम लीडला मेसेज टाकला, 'मुलगी झाली.' घाईत एवढंच. सोमवारी सकाळी अख्ख्या टीमला मेल गेला. गुलाबी फुगे, चोचीत झबलं धरलेला करकोचा, 'वेलकम लिटल एंजल' वगैरे. अर्ध्या तासात टीम लीडला कळलं की बाळ व्हेंटिलेटरच्या आसपास कुठेतरी आहे, आणि त्या बिचाऱ्याने मेल रिकॉल केला. आउटलुकमध्ये रिकॉल केलेला मेल कसा दिसतो ते तुम्हाला माहीतच आहे. ज्यांनी तो उघडला नव्हता, त्यांनीही मग काय बरं असेल म्हणून चौकशी केली.

मला त्याचा राग आला नाही. पण खरं सांगायचं तर त्या रिकॉलने आमची अवस्था अगदी नेमकी पकडली होती. आम्हाला मूल झालं होतं की आमच्या घरात एक इमर्जन्सी चालू होती? लोकांना कळत नव्हतं. फोनवर लोक 'अभिनं...' एवढं बोलून थांबायचे आणि मग 'सगळं ठीक होईल' म्हणायचे. सासूबाईंनी नाशिकहून निघताना पाळण्याची झालर आणली, पण ती बॅगेतून बाहेर काढली नाही. माझ्या आईने डिंकाचे लाडू केले आणि शेजारणीला सांगितलं की पाहुणे आलेत म्हणून केलेत! पेढे वाटायचे का, हा विषय कुणी काढत नव्हतं. न वाटणं म्हणजे काय, ते सगळ्यांनाच कळत होतं.

हा तिढा सोडवला एनआयसीयूतल्या सफाईच्या मावशींनी. तिसऱ्या दिवशी मी व्हीलचेअरवरून आत गेले तर त्या मॉप पिळत म्हणाल्या, 'नऊ नंबरची आई ना तुम्ही? मुलगी झाली, तीन दिस झाले. पेढे कुठं आहेत?' मी म्हटलं, 'मावशी, ती अजून...' त्या म्हणाल्या, 'अजून काय? झाली ना?'

नवरा त्याच दुपारी चितळ्यांकडून अर्धा किलो पेढे घेऊन आला. सिस्टर, वॉर्डबॉय, लिफ्टमन, दाराशी बसणारे सिक्युरिटीकाका, सगळ्यांना दिले. वेटिंग एरियातल्या इतर आईबापांना द्यावेत की नाही, असा प्रश्न पडला होता. दौंडहून आलेल्या एका बाबाने स्वतःच हात पुढे केला. त्याचा मुलगा आत अकरा दिवस होता. त्याने पेढा अर्धा खाल्ला आणि अर्धा कागदात बांधून बायकोसाठी ठेवला.

नव्वद ते पंच्याण्णव

एनआयसीयूत शिरायचं म्हणजे आधी घड्याळ, अंगठ्या, बांगड्या काढायच्या. कोपरापर्यंत हात धुवायचे, तेही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत. मग गाउन. आत उजेड कमी, आवाज मात्र भरपूर. प्रत्येक बाळामागे एक मॉनिटर आणि प्रत्येक मॉनिटरची आपापली कुरकुर. पहिल्या आठवड्यात मी बाळाकडे कमी आणि त्या स्क्रीनकडे जास्त पाहिलं. मास कॉमला शिकवलेले कोण, काय, कधी, कुठे, का हे पाचही प्रश्न मी सिस्टरवर रोज चालवायचे. त्या मला 'पत्रकार मॅडम' म्हणू लागल्या. ते कौतुक नव्हतं, पण उत्तरं मिळत होती.

आपण आजवर समजत आलो की ऑक्सिजन जितका जास्त तितका चांगला. इथे आकडा ९५च्या वर गेला की सिस्टर लगेच बटण कमी करायची. कारण अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांना जादा ऑक्सिजन बाधतो. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढतात. स्टीव्ही वंडर १९५० मध्ये असाच वेळेआधी जन्मला आणि त्याची दृष्टी याच आजाराने गेली. त्यामुळे नव्वद ते पंच्याण्णव. आमच्या घरात आजही कुणाचे मार्क किंवा बॅटरी या आकड्यांत दिसली की नवरा म्हणतो, 'स्टेबल आहे.'

आणि कॉफी! आपलं ऑफिस कशावर चालतं? तर आमच्या कन्येचंही त्याच्यावरच चालायचं. इतक्या लहान बाळांचा मेंदू श्वास घ्यायला मधूनच विसरतो. वीस सेकंद श्वास नाही, आकडा धडाधड खाली, मॉनिटर बोंबलायला लागतो. सिस्टर येऊन तळपायाला हलकी टिचकी मारते आणि बाळ दचकून पुन्हा कामाला लागतं. हे प्रकार कमी व्हावेत म्हणून रोज सकाळी मोजून कॅफीन द्यायचे. नवऱ्याने ते ऐकलं तेव्हा जन्मानंतर पहिल्यांदा हसला. म्हणाला, 'घेतली आपल्यावर.'

जन्मल्याबरोबर तिच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट नावाचं औषध सोडलं होतं. आपल्या फुप्फुसांचे छोटे छोटे फुगे श्वास सोडल्यावर चिकटून बसू नयेत म्हणून शरीर एक साबणासारखा पदार्थ बनवतं. हिच्याकडे तो पुरेसा नव्हता. १९६३च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन दोन किलोच्या वर, म्हणजे आमच्या लेकीच्या दुपटीहून जास्त. ३९ तासांत तो गेला, याच कारणाने. जगातल्या सगळ्यात ताकदवान बापाकडे तेव्हा हे औषध नव्हतं, कारण ते कुणाकडेच नव्हतं. फुजिवारा या जपानी डॉक्टरांनी ते पहिल्यांदा यशस्वीपणे वापरल्याचं १९८० मध्ये प्रसिद्ध केलं. हे औषध गायीच्या किंवा डुकराच्या फुप्फुसांतून काढतात. ही माहिती मी काही नातेवाइकांना अजून दिलेली नाही. आता हे वाचून कळेलच.

सातवा की आठवा?

'सातव्यातली आहे ना, मग जगते. आठव्यातलं अवघड असतं.' हे मला किमान सहा जणींनी सांगितलं, त्यात माझी आईसुद्धा. सातमासी मूल जगतं आणि आठव्यातलं नाही, ही समजूत आपल्याकडे घरोघर आहे. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, 'पोटात राहिलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या फायद्याचा. आठवा असता तर मी आज जेवायला घरी गेलो असतो.' आईला मी हे सांगितलं नाही. तिला त्या वाक्याचा आधार होता आणि मला तिचा.

दुसरी एक समजूत मात्र मी जागच्या जागी मोडून काढायचे. 'लॅपटॉप घेऊन किती बसायचीस तू! प्रवास काय, रात्रीची जागरणं काय...' तुमच्यापैकी ज्या मुली नोकरी करून आई होणार आहात, त्यांना हे कधी ना कधी ऐकावं लागेल म्हणून सांगते. प्रीएक्लॅम्प्सियाचं मूळ वारेत असतं. ती कशी रुजते हे पहिल्या काही महिन्यांत ठरतं, तुमच्या लॅपटॉपवर नाही. कामाला लावायची अक्कल असेल तर ती बीपी मोजण्याकडे लावा. डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे चमकतंय, बरगड्यांखाली दुखतंय, चेहरा अचानक सुजलाय, तर 'पाणी कमी प्यायले असेन' म्हणू नका, डॉक्टरकडे जा. आणि ज्यांना हे एकदा झालंय किंवा होण्याची शक्यता जास्त आहे, त्यांना बारा आठवड्यांच्या सुमारास कमी डोसची अ‍ॅस्पिरिन सुरू करतात. आपल्याला लागू आहे का, ते आपल्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारा.

आपण काही एकटे नसतो यात. २०२० मध्ये जगभरात अंदाजे १ कोटी ३४ लाख बाळं ३७ आठवडे भरायच्या आत जन्मली. त्यातली ३० लाख एकट्या भारतात. तरी वेटिंग एरियातल्या प्रत्येकीला वाटत होतं की हे फक्त माझ्याच बाबतीत घडलंय.

दोन मिलीचा चीक

बाळ इन्क्युबेटरमध्ये. अंगाला हात फिरवायचा नाही, कातडी इतकी पातळ की फिरवलेला हातही बोचतो. एक हात डोक्यावर, एक पायांवर, न हलवता ठेवायचा. श्वास मशीन देतंय, ऊब मशीन देतंय, जेवण सलाइनमधून जातंय. मग आईने करायचं काय? या प्रश्नाने मला पहिले तीन दिवस खाल्लं.

उत्तर सिस्टरने आणून हातात दिलं, एक छोटी सिरिंज. 'चीक काढा. जितका येईल तितका.' अर्धा तास खटपट करून दोन मिली आला. मी तो असा नेला, जणू हातात निखारा आहे. तिने त्यातलं थोडं कापसाने बाळाच्या गालांच्या आत लावलं, बाकीचं तोंडातून पोटात गेलेल्या नळीतून दिलं. एक मिली दर दोन तासांनी. चहाच्या चमच्यात पाच मिली मावतात, म्हणजे बघा.

तेव्हापासून माझी नोकरी सुरू झाली. दर तीन तासांनी पंप, रात्रीसुद्धा. अलार्म दोनचा, पाचचा. आई अळिवाची खीर, शेपूची भाजी, जे जे ऐकलं ते ते करून घालत होती. पहिले दिवस माझं दूध पुरत नव्हतं तेव्हा तिला दूधपेढीतलं दूध मिळालं, दुसऱ्या कुणा आईचं, पाश्चराइझ केलेलं. आशियातली पहिली मानवी दूधपेढी मुंबईतच निघाली, सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, १९८९ मध्ये. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी ती सुरू केली. या बाईंबद्दल आपल्या शाळेच्या पुस्तकात धडा असायला हवा, असं माझं मत आहे.

आमच्याकडे आया एकमेकींना नावाने नाही, बेडच्या नंबराने ओळखायच्या. सहा नंबरची आई माझ्यापेक्षा लहान, तेविसेक वर्षांची. तिचं बाळ सव्वीस आठवड्यांचं. दूध काढायच्या खोलीत ती माझ्या शेजारी बसायची आणि तिला भरपूर दूध यायचं. मला कमी येई. ती गमतीने म्हणायची, 'ताई, उसनं घ्या की.' एकोणिसाव्या दिवशी मी गेले तर सहा नंबर रिकामा होता. नवी चादर घातलेली, मॉनिटर बंद. कुणाला विचारावं लागलं नाही. दुपारी ती दूध काढायच्या खोलीच्या दाराशी उभी होती. नवरा बॅगा घेऊन लिफ्टजवळ थांबलेला. ती सिस्टरला विचारत होती, फ्रीजमध्ये माझ्या अकरा बाटल्या आहेत, त्यांचं काय करणार? सिस्टर म्हणाली, तुम्ही म्हणाल ते. ती म्हणाली, पेढीत टाका.

त्या रात्री मला दोनच्या अलार्मची गरज पडली नाही.

बारशाचा दिवस

बाराव्या दिवशी बारसं. आमचं नाव ठरलं नव्हतं. हातावरच्या पट्टीवर 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव, एवढीच तिची ओळख. सासूबाई म्हणाल्या, पाळणा नाही तर नाही, कानात नाव तरी सांगू. सकाळी फोन आला, 'पोट जरा फुगलंय, श्वास जास्त वेळा विसरतेय, दूध बंद केलंय, रक्त तपासायला पाठवलंय.' इन्फेक्शन. अँटिबायोटिक सुरू.

एनआयसीयूतल्या प्रगतीचा ग्राफ सेन्सेक्ससारखा असतो, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आज दोन पावलं पुढे, उद्या तीन मागे. ऐकताना पटतं. प्रत्यक्ष तीन मागे पडतात तेव्हा काही पटत नाही. चार दिवस दूध बंद राहिलं. मी मात्र काढत होते आणि बाटल्यांवर तारीख घालून फ्रीजरमध्ये ठेवत होते. पाचव्या दिवशी पुन्हा एक मिलीपासून सुरुवात. पुन्हा पहिली पायरी, तरी त्या एक मिलीने आम्ही सगळे कँटीनमध्ये जाऊन इडली खाऊ शकलो.

नाव सासूबाईंनी त्याच संध्याकाळी सांगितलं, सिस्टरची परवानगी घेऊन, गाउन घालून, इन्क्युबेटरच्या खिडकीशी तोंड नेऊन. काय ठेवलं ते इथे लिहीत नाही. मोठी झाली की तिला विचारून लिहीन.

बोगोटाची आयडिया

१९७८. कोलंबियाची राजधानी बोगोटा. तिथल्या सरकारी प्रसूती रुग्णालयात इन्क्युबेटर कमी आणि बाळं जास्त. एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन. एदगार रेय या डॉक्टरांनी ठरवलं, पेट्या नसतील तर आया आहेत. बाळाला फक्त लंगोट आणि टोपी, आणि ते सरळ आईच्या उघड्या छातीवर उभं बांधायचं. कांगारूसारखं. गरिबाघरचा जुगाड म्हणून सुरू झालेली ही गोष्ट आज श्रीमंत देशांच्या एनआयसीयूतही चालते. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. एक ते १.८ किलोची बाळं स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यावर लगेच अशी छातीशी ठेवली, तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. इतकं तर महागडी औषधंही करत नाहीत.

माझी पाळी सतराव्या दिवशी आली. नळ्या सांभाळत दोन सिस्टरनी तिला माझ्या अंगावर ठेवलं. वजन जाणवलंच नाही. जाणवली ती ऊब, आणि तिचे नख न फुटलेल्या बोटांचे हलके ओरखडे. मॉनिटर माझ्या पाठीमागे होता. मी पहिल्यांदाच तो बघू शकत नव्हते. तासाभराने सिस्टर म्हणाली, 'एकदाही अलार्म नाही वाजला.'

नवऱ्याला वाटत होतं, हे फक्त आयांचं काम. डॉक्टर म्हणाले, 'शर्ट काढा.' हिंजवडीच्या कंपनीत सीनियर असलेला, गळ्यात आयकार्ड घातलेला माणूस त्या खुर्चीत उघडा बसला आणि छातीवर एक किलोची मुलगी. तो कुजबुजत तिला काहीतरी सांगत होता. नंतर विचारलं तर म्हणाला, प्रॉडक्शनमधला एक बग समजावून सांगत होतो. दुसरं काही सुचलं नाही म्हणे.

पाच दिवसांची रजा

आता जरा आपल्या सगळ्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. नवऱ्याच्या कंपनीत पितृत्व रजा पाच दिवस. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला पंधरा मिळतात, खासगी नोकरीत मात्र कायद्याने काहीच बंधन नाही. कंपनीची मर्जी. मग हे पाच दिवस वापरायचे कधी? बाळ जन्मलं तेव्हा, की बाळ घरी येईल तेव्हा? त्याने एक वापरला, चार राखून ठेवले. एचआरने कळवलं, रजा जन्मापासून महिन्याभरात घ्यावी लागते. बाळ तर महिन्यानंतरही आतच होतं. शेवटी त्याच्या मॅनेजरने लेखी काही न देता 'तू कुठून काम करतोस ते मी विचारणार नाही' एवढं सांगितलं. पुढचे पाच-सहा आठवडे हॉस्पिटलचं कँटीन हे त्याचं ऑफिस होतं. रात्री साडेनऊचा क्लायंट कॉल तो जिन्यात उभा राहून घ्यायचा.

आयांचं गणित वेगळं. माझ्यासारख्या फ्रीलान्सरला रजाच नाही. काम नाही तर पैसे नाहीत, विषय संपला. पण नोकरी करणारीलाही हे कोडं सुटत नाही. २०१७ मध्ये मातृत्व रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली, चांगलंच झालं. चार नंबरची आई बँकेत होती. तिचे त्यातले नऊ आठवडे बाळाच्या मॉनिटरशेजारी संपले. आईलाच अकाली बाळंतपणातून आजारपण आलं तर महिनाभर जादा पगारी रजेची तरतूद कायद्यात आहे. पण बाळ आत आहे म्हणून ती नाही. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२५ पासून अशा आईबापांना बारा आठवड्यांपर्यंत वेगळी रजा मिळते, नेहमीच्या रजेच्या वर. आपल्याकडे निदान कंपन्यांनी तरी आपल्या पॉलिसीत एवढी एक ओळ घालायला काय हरकत आहे? एचआरमध्ये असाल तर उद्याच्या मीटिंगमध्ये काढा की विषय.

पैशांचंही थोडक्यात सांगते. आमचं बिल दर दीड दिवसाला महिन्याच्या घरभाड्याइतकं होत होतं. नवऱ्याच्या ग्रुप पॉलिसीत बाळ पहिल्या दिवसापासून होतं, पण त्यासाठी त्याची नोंद करावी लागते, आणि फॉर्ममध्ये नावाचा रकाना रिकामा चालत नव्हता. बेनाव बाळाला नाव द्या म्हणून आठ फोन झाले. मर्यादेपर्यंत विमा, पुढचं आमची एफडी आणि सासऱ्यांची थोडी मदत. बाळाचा विचार करताय? मग आजच आपल्या पॉलिसीत नवजात बाळ केव्हापासून आणि कितीपर्यंत आहे, ते वाचा. पुष्कळ वैयक्तिक पॉलिसींत ते जन्मापासून नसतं. दौंडच्या त्या बाबाला कुणीतरी सांगितलं की सरकारी रुग्णालयात २०११च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी बाळाचे उपचार मोफत होतात. तो म्हणाला, हे मला पहिल्या दिवशी का नाही कुणी सांगितलं? याला कुणाकडेच उत्तर नव्हतं.

वय काय हो हिचं?

दिवाळी आत गेली. वेटिंग एरियात कुणीतरी आकाशकंदील लावला, फराळाचे डबे फिरले. दौंडची चकली सगळ्यांत भारी. आठवड्याभराने डोळ्यांची तपासणी झाली, रक्तवाहिन्या थोड्या मागे पण लेझरची गरज नाही. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं ही तीन कामं एकत्र जमायला चौतिसावा आठवडा यावा लागतो. तोपर्यंत तोंडाने दूध पाजायला सिस्टरने एक चोचीची छोटी वाटी आणली, 'पलाडाई' म्हणतात म्हणे. सासूबाईंनी बघितली आणि म्हणाल्या, 'अगं, हे तर आपलं बोंडलं!' आणि पुढच्या पाच मिनिटांत त्यांनी दोन सिस्टरना ते कसं धरायचं ते शिकवलं.

बावन्नाव्या दिवशी घरी सोडलं. १७९० ग्रॅम.

घरी पहिल्या रात्री आम्हाला झोप आली नाही, कारण आवाज नव्हता. मॉनिटर नसताना मूल श्वास घेतंय हे ओळखायचं कसं? आम्ही आळीपाळीने छातीकडे बघत बसलो. हे सगळ्याच एनआयसीयूवाल्यांचं होतं, असं नंतर कळलं.

आता ती अकरा महिन्यांची आहे. की साडेआठ? लिफ्टमध्ये कुणी वय विचारलं की नवरा एक सांगतो आणि मी दुसरं. डॉक्टरांच्या भाषेत 'करेक्टेड' वय ठरलेल्या तारखेपासून मोजायचं. बसणं, रांगणं सगळं त्या हिशेबाने, साधारण दोन वर्षांपर्यंत. लशी मात्र जन्मतारखेने. त्यामुळे अकरा महिन्यांची असून अजून रांगत कशी नाही, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे, पण सहाव्या मजल्यापर्यंत ते संपत नाही.

सहा नंबरच्या आईचा मेसेज मध्ये आला होता. आमच्या लेकीचा फोटो पाठवू का, असं विचारायला मला दोन दिवस लागले. तिने लगेच लिहिलं, पाठवा ना ताई.

पुढच्या महिन्यात डोळ्यांची पुन्हा तपासणी आहे. नवऱ्याने त्या दिवसाची रजा आत्ताच टाकून ठेवलीय.